सगळे सारखेच, असं म्हणू नकोस

प्रिय सायली,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडून म्हणालीस, ‘बाबा, त्या बांगलादेशला एक संत्रंसुद्धा पाठवू नका. आणि पुढाऱ्यांचं काय घेऊन बसलात, सगळे सारखेच.’ नागपूरच्या कळमना बाजारात लिलाव सुरू होता, म्हणून तेव्हा बोललो नाही. पण दोन्ही गोष्टी मला पटलेल्या नाहीत.

आपलं संत्रं पातळ सालीचं, नाजूक. लांबच्या प्रवासात टिकत नाही. बंगालच्या सीमेवर आपल्या पेट्रापोल नाक्यावरून त्यांच्या बेनापोलला ट्रकनं मात्र पोचतं, म्हणून बांगलादेश आपलं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक झालं. 2019 मध्ये तिथलं आयात शुल्क किलोमागे 20 टका (टका म्हणजे त्यांचं चलन) होतं, 2023 मध्ये ते 88 टक्यांवर गेलं. 2020-21 मध्ये तिकडे 1 लाख 41 हजार टन संत्री गेली होती, 2022-23 मध्ये 63 हजार टनांच्या आसपास. उरलेला सगळा माल देशातल्याच बाजारात येतो आणि भाव पाडतो. काटोलला काकांचा आंबिया बहाराचा माल व्यापाऱ्यानं झाडावरच ठरवला होता, इसारही दिला होता. बाजार पडला तसा तो तोडायला आलाच नाही. झाडाखाली पडलेल्या फळांचा खच तू पाहिलास, तुझा राग तिथूनच आलाय. तो मला कळतो.

पण ढाक्याची बाजूही ऐक. 2022 मध्ये त्यांच्याकडे डॉलरची टंचाई झाली आणि त्यांनी फळांसकट कितीतरी परदेशी वस्तूंवर जादा शुल्क लावलं. हे त्यांचं अधिकृत कारण. कळमन्यात मात्र सगळे कांद्याकडे बोट दाखवतात, म्हणजे आपण कांदा अडवला म्हणून त्यांनी संत्र्यावर शुल्क वाढवलं असं म्हणतात, आणि मला त्यात तथ्य वाटतं. सप्टेंबर 2019 मध्ये आपण कांद्याची निर्यात एका आदेशानं बंद केली. थोड्याच दिवसांत बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि त्यांनी भर सभेत सांगितलं, बंद करायचीच होती तर आधी कळवायला हवं होतं. मी सांगितलंय स्वयंपाक्याला, कांदा घालू नकोस, असंही म्हणाल्या. लोक हसले. मागणी मात्र रास्त होती, आधी सांगा एवढीच. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा तसंच झालं.

डिसेंबर 2023 मधली कांद्याची निर्यातबंदी तर आपल्याच शेतकऱ्याला जास्त लागली. ती 31 मार्चपर्यंत आहे असं सरकारनं सांगितलं होतं. त्या भरवशावर नाशिककडच्या कितीतरी लोकांनी कांदा ठेवला असेल. मुदत संपायच्या आधीच ‘पुढील आदेशापर्यंत’ असं नवं पत्रक निघालं. अखेर 4 मे 2024 ला, लोकसभेचं मतदान सुरू असताना, ती उठली, तीही किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून. सायली, मला राग बंदीचा नाही. शहरात कांदा महागला तर सरकारला काहीतरी करावं लागतं. राग आहे दिलेली तारीख न पाळण्याचा.

ऑगस्ट 2024 मध्ये हसीनांचं सरकार गेलं, तशी दोन्हीकडची भाषा आणखी कडक झाली. एप्रिल 2025 मध्ये बांगलादेशनं भूमार्गानं येणारं आपलं सूत थांबवलं. त्याच महिन्यात आपण त्यांच्या मालाला आपल्या हद्दीतून तिसऱ्या देशात जायला दिलेली सवलत काढून घेतली, आणि मे महिन्यात त्यांचे तयार कपडे न्हावाशेवा आणि कोलकाता या दोनच बंदरांतून येतील असं ठरवलं. दोन्हीकडच्या नेत्यांना आपापल्या लोकांसमोर ताठ उभं राहायचं असतं. पण सुताचा धागा आपल्या वऱ्हाडातल्या पऱ्हाटीपर्यंत, म्हणजे कपाशीपर्यंत येतो, आणि ते कपडे शिवणाऱ्या पोरी तुझ्याच वयाच्या आहेत. त्यांनी ना संत्र्यावर शुल्क लावलं, ना काकांच्या मालाचा भाव पाडला. त्यांच्यावर कशाला राग धरायचा?

राहिली विश्वासाची गोष्ट. सगळे सारखेच म्हटलं की पुढाऱ्याला उत्तर द्यावंच लागत नाही. 2023 च्या अखेरीस आपल्या राज्य सरकारनं संत्र्यावरच्या शुल्काची निम्मी रक्कम अनुदान म्हणून द्यायचं जाहीर केलं. चांगलं केलं, हे मी उघड म्हणतो. पण ते अनुदान निर्यातदाराला होतं. बगीचा विकणाऱ्याच्या हातात त्यातलं किती पडलं, हे विचारायचं काम आपलं आहे. त्यासाठी पुढाऱ्याला चोर ठरवायची गरज नाही आणि देव मानायचीही नाही.

तू यंदा मतदार यादीत नाव घातलंस हे बरं केलंस. दिवाळीला येशील तेव्हा कुणी ना कुणी मत मागायला वस्तीत येईलच. मी त्याला एवढंच विचारणार आहे: तोडणीच्या हंगामात शुल्क किंवा बंदी बदलायची झाली, तर वाटेत असलेल्या ट्रकना सूट मिळावी म्हणून तुम्ही दिल्लीत लेखी मागणी कराल का, आणि त्याची प्रत आम्हाला द्याल का? तू माझ्याबरोबर उभी राहा. काकांनाही बोलावतो.

आईनं चिवड्यासाठी पोह्यांचं विचारलंय, पातळ की जाड, कळव.

तुझा,
बाबा