ग्रहणासाठी चार शांत गच्च्या हव्यात

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर पुण्यात खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ऐन पावसाळ्यात ढगांमुळे ते दिसेलच असं नाही, पण रेडिओलहरींना ढगांची अडचण नसते. खग्रास सावली स्पेन, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन अशी सरकेल. युरोपातल्या हॅम मंडळींचे, म्हणजे हौशी रेडिओचालकांचे, १४ मेगाहर्ट्झवरचे संदेश साधारण त्या बाजूच्या आयनांबरातून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातून) परावर्तित होत आपल्यापर्यंत येतात. ऊन अडलं की तिथलं आयनीभवन, म्हणजे हवेच्या कणांचं विद्युतभारित होणं, घटतं. कोणता संदेश कधी क्षीण झाला आणि कधी सावरला, यावरून हा बदल टिपता येतो. २०१७ आणि २०२४ला अमेरिकेतल्या ग्रहणांत हॅमसाय या हौशी रेडिओ-विज्ञान गटाच्या प्रयोगांतून हौशी रेडिओचालकांनी अशाच नोंदी जमवल्या. आपल्या बाजूच्या नोंदींसाठी आमचा हॅम क्लब पुणे परिसरात चार श्रवणकेंद्रं उभारत आहे.

तिथे विस्पर संदेश, म्हणजे अगदी क्षीण शक्तीचे सांकेतिक रेडिओ संदेश, टिपले जातील. जेमतेम ११० सेकंदांच्या संदेशात कॉलसाइन (रेडिओचालकाचं ओळखचिन्ह), ठिकाणाचा नकाशावरचा चौकोन (पुण्याचा एमके६८) आणि प्रक्षेपणाची शक्ती एवढंच असतं. कानाला नुसती खरखर ऐकू येत असतानाही संगणक तो उलगडतो. मात्र शेजारच्या चार्जरचा रेडिओ-गोंगाट त्याला सहज गिळून टाकतो. म्हणूनच पैशांहून आधी आम्हाला शांत गच्ची हवी आहे.

तपासणी सोपी आहे. बॅटरीवरचा शॉर्टवेव्ह रेडिओ १४ मेगाहर्ट्झच्या आसपास, जिथे स्टेशन नाही तिथे लावा आणि गच्चीभर फिरा. लिफ्टची खोली, सोलर इन्व्हर्टर किंवा एलईडी दिव्यांजवळ गुणगुण वाढते. घरातला मेन स्विच बंद करून ती थांबली, तर दोष घरातलाच आणि बहुधा दूर करता येण्याजोगा.

एका केंद्राला ११ मीटर तांब्याची तार, २५ मीटर आरजी-५८ केबल, गोंगाट रोखणाऱ्या फेराइट रिंगा, आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा, १४ मेगाहर्ट्झ पकडणारा छोटा रेडिओ), रॅस्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, जीपीएस मॉड्यूल आणि १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी लागते. डायपोलच्या, म्हणजे तारेच्या अँटेनाच्या, दोन्ही बाजू ५.३ मीटर कापून मग छाटत ५.०५ मीटरच्या आसपास आणायच्या. बॅटरी गाळू नका: वीज अचानक गेली की मेमरी कार्डातल्या फाइली बिघडतात. शिवाय नेट नसताना रॅस्पबेरी पाय पुन्हा सुरू झाला, तर त्याचं घड्याळ चुकतं. घड्याळ दोन-तीन सेकंदांनी जरी चुकलं तरी संदेश उलगडत नाहीत, म्हणून अचूक वेळ देणारं जीपीएस. चार्जर शक्यतो जुन्या पद्धतीचा, ट्रान्सफॉर्मरवाला द्या; एसएमपीएस, म्हणजे हल्लीचा हलका चार्जर, स्वतःच गोंगाट करतो.

पावसाचं पाणी जोडणीतून केबलमध्ये शिरतं आणि केबल निकामी होते. त्यामुळे स्वतःला चिकटणारी रबरी टेप प्रत्येक केंद्राला दोन रोल हवी. जोडणी आणि देखभाल आमचे परवानाधारक सभासद करतील. पण विजांचे ढग जमले की केबल काढून ठेवणारं एक विश्वासू माणूस इमारतीत हवं.

आयनांबर रोज सारखं नसतं. ग्रहणाच्या आधीचे आणि नंतरचे किमान ३० दिवस, त्याच वेळेच्या नोंदी असल्याशिवाय त्या दुपारचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. मधेच तार हलवली किंवा तिच्यावर कपडे वाळत घातले, तर तुलना बिघडते.

मदत करायची तर शक्यतो पैशांऐवजी वस्तूच द्या, हिशेब स्वच्छ राहतो. गच्ची देणाऱ्यांनी मजला, गच्चीची लांबी आणि लिफ्टच्या खोलीपासूनचं अंतर लिहून क्लबच्या सचिवांकडे द्यावं. सोसायटीचं संमतिपत्र सोबत असू द्या.