फारकत करायची तर कोर्टातूनच कर

परभणी

चि. संदीप यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, आता नाही जमत, मोकळं व्हायचंय. मी फार बोललो नाही. दोन्हीकडच्या पाव्हण्यांच्या बैठका झाल्या, समजावून झालं. नांदाच म्हणून मी जोर करणार नाही. पण मोकळं कसं व्हायचं, त्यावर मात्र बोलणार. माझी सगळी नोकरी कोर्टाच्या कारकुनीत गेली. नवरा-बायकोची भांडणं कागदावर कशी उतरतात आणि त्या कागदाचं पुढं काय होतं, हे मी रोज पाहिलंय.

मामांनी बाँड आणून ठेवलाय म्हणे. दोघांच्या सह्या, चार साक्षीदार, नोटरीचा शिक्का, की झाली फारकत. आपल्या भागात सर्रास चालतं हे. पण हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे घटस्फोट देतं ते कोर्ट. जातीत पूर्वापार तशी रूढी आहे असं सिद्ध झालं तरच असला कागद टिकतो, आणि ते सिद्ध करताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. त्या बाँडच्या भरवशावर दुसरं लग्न लावलं तर ते लग्न रद्दबातल, वर फौजदारी गुन्हा, आणि दुसरी पोरगीही फसली. मामांना माझं नाव सांग आणि तो बाँड परत कर.

दोघांची तयारी असेल तर संमतीचा रस्ता सरळ आहे. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि तुमचं ते होऊन गेलंय. अर्ज दिल्यावर सहा महिन्यांनी दुसरा जबाब होतो. समेटाची आशाच उरली नसेल आणि पोटगी, लेकराचा ताबा सगळं मिटलेलं असेल, तर ते सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलंय. पण निकालाआधी दोघांपैकी कुणीही संमती काढून घेऊ शकतं. म्हणून तिला कोपऱ्यात गाठून सही घेण्यात काही अर्थ नाही. आणि तुला ती यायला नकोच असेल तर ‘नांदायला ये’ म्हणून नोटीसही पाठवू नकोस. असल्या नोटिसा मी ढिगानं पाहिल्यात. त्यांनी दावा फक्त लांबतो.

उद्या तिनं लातूरलाच दावा लावला तर तो तिचा हक्क आहे. २००३ च्या दुरुस्तीनं बायको राहते तिथंही अर्ज करता येतो. पुण्याहून यावं लागतं म्हणून कुरकुर करू नकोस.

आता पोटगीचं. तुझा मित्र सांगतो, कागदावर नोकरी सोड, पगार दिसणारच नाही. असं काहीही करू नकोस. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर दोघांनाही आपली मिळकत, देणी, खर्च सगळं शपथपत्रावर द्यावं लागतं. खोटं लिहिलं तर तो वेगळा गुन्हा. शिकलेला, धडधाकट माणूस एकाएकी बेकार झाला म्हटल्यावर न्यायाधीशांना काय ते कळतं. शिवाय पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. समज, महिना १५ हजार ठरले आणि निकालाला दोन वर्षं लागली, तर एकदम ३ लाख ६० हजारांची थकबाकी अंगावर येईल. तारखा वाढवून पैसा वाचतो असं सांगणारा तुझा हितचिंतक नाही.

सोन्याबद्दल मी विचारणारच नाही, सांगणार आहे. काल तुझ्या आईनं कपाटातला स्टीलचा डबा काढला. गंठण, एकदाणी, पाटल्यांची जोडी, छकुलीच्या बारशातले वाळे, सगळं चादरीवर मांडलं. गंठणाच्या फाशात सूनबाईच्या लग्नातल्या शालूचा एक जरीचा धागा अजून अडकलेला आहे. तुझ्या आईनं तो काढला नाही. सूनबाईच्या माहेरचं असो, आपण घातलेलं असो, तिला दिलेलं ते तिचं स्त्रीधन. आपण फक्त सांभाळणारे. ते अडवून ठेवलं तर विश्वासघाताचा गुन्हा लागू शकतो, पण त्या भीतीनं मी देत नाहीये. सराफाकडून वजन करून यादीच्या दोन प्रती करतो, फोटो काढतो, आणि तिच्या वडिलांच्या हातात देऊन सही घेतो. ‘हिशोब मिटेपर्यंत राहू द्या’ असं तुझी आत्या म्हणाली. या घरात ते होणार नाही.

पुण्याच्या फ्लॅटचं मात्र नीट बघ. कर्ज दोघांच्या नावावर आहे. कोर्टानं काडीमोड दिली म्हणून बँक कुणाला सोडत नाही. हप्ता चुकला तर दोघांनाही धरते. फ्लॅट कुणाकडं राहणार, उरलेलं कर्ज कोण फेडणार, दुसऱ्याचं नाव कर्जातून कधी निघणार आणि हक्कसोडपत्राची नोंदणी कधी, हे सगळं संमतीच्या अटींत तारखांसकट लिहून घे.

छकुली चार वर्षांची आहे. पाच वर्षांखालच्या लेकराचा ताबा साधारणपणे आईकडंच राहतो, आणि ते बरोबर आहे. तू ताब्यासाठी भांडावंस असं मला वाटत नाही, भेटीसाठी भांड. कोणता रविवार, दिवाळी कुणाकडं, उन्हाळ्याच्या सुटीत किती दिवस, रोजचा व्हिडिओ कॉल किती वाजता, हे बारीकसारीक लिहून घे. ‘सोयीनुसार भेट’ एवढ्यावर सही करू नकोस. असं मोघम लिहिणारे बाप मी कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिलेत. नव्या फ्रॉकची पिशवी हातात, आणि लेकरू आईच्या पदराआडून पुढं यायला तयार नाही. सवयच मोडलेली असते. एकरकमी देऊन सूनबाईचं मिटलं तरी छकुलीच्या पोटगीचा हक्क त्यानं संपत नाही, आईनं लिहून दिलं तरीही. आणि ती तुझी वारस आहे, राहणार. म्हणून शेत घाईघाईनं धाकट्याच्या नावावर करा हा सल्ला मी कानाआड केलाय. सातबारा आहे तसाच राहील.

येत्या रविवारी ये. पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंटं, रिटर्न, कर्जाचा खातेउतारा सगळं घेऊन ये. वकील तू ठरव, मामांच्या ओळखीचा नको.

आणखी एक. सूनबाईला मी स्वतः फोन केला होता. लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्नाची अट न घालता फुकट वकील मिळतो, हे तिला सांगितलं. तुला राग येईल, येऊ दे. तिच्या बाजूनंही जाणता माणूस बसला तरच अटी नीट उतरतील आणि उद्या कुणी मागं फिरणार नाही.

तुझे
बाबा