परतीच्या भाड्याचा हिशेब

मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, "जहाजांची भाडी काढतेस म्हणजे नेमकं काय करतेस?" असं तुम्ही विचारता आणि मी दोन वाक्यांत सुटते. आज नीट सांगते.

चीनमध्ये लोहखनिज उतरवून एक जहाज मोकळंच सिंगापूरजवळ आलंय. आता जायचं कुठं? पश्चिम ऑस्ट्रेलियातलं पोर्ट हेडलंड जवळ, तिथली फेरी साधारण महिन्याची. ब्राझीलच्या तुबाराओहून टनामागं भाडं दुपटीहून जास्त मिळतं, पण आफ्रिकेला वळसा घालून मोकळंच जायचं, मग भरून यायचं. अडीच-तीन महिने गेले. म्हणून नुसता टनाचा भाव बघायचा नाही. एकूण भाड्यातून इंधन आणि बंदरांचा खर्च वजा करून उरलेल्याला दिवसांनी भागायचं, मोकळ्या दिवसांसकट. मार्केट यार्डातून गूळ भरून गाडी गुजरातला निघायच्या आधी तुम्ही परतीचं भाडं फोनवर पक्कं करायचात, तोच हिशेब. रोजचा आकडा जिकडं चढा, तिकडं जहाज वळणार.

अडचण अशी, की हे गणित सगळेच मालक करतात. सगळे ब्राझीलकडे वळले की महिन्याभरानं तिथं जहाजांची गर्दी आणि भाडं खाली! म्हणून मी आधी वाटेवरची मोकळी जहाजं मोजते. जहाज कुठं आहे आणि पाण्यात किती बुडालंय, हे त्याच्या सिग्नलवरून कळतं. वर तरंगत असेल तर मोकळं. माझा भरवसा भावाच्या आलेखापेक्षा या मोजणीवर जास्त.

तरी समुद्र ऐकत नाही. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. जहाजं तेवढीच, पण प्रत्येकाची फेरी लांबली, म्हणजे बाजारात ती कमीच पडली. शिरोलीच्या काकांचं युरोपला जाणारं कास्टिंग 2024 मध्ये महाग पडलं ते यामुळंच. आणि 2008 मध्ये तर बाल्टिक ड्राय इंडेक्स, म्हणजे खनिज, कोळसा, धान्य वाहणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा निर्देशांक, मे महिन्यात 11,793 वर होता, डिसेंबरात 663! म्हणून भाड्याचा अंदाज मी 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा सांगते. साहेबांना मात्र एकच आकडा हवा असतो.

आई, कांदा-लसूण मसाला संपत आलाय. इकडं येणाऱ्या कुणाबरोबर तरी किलोभर पाठव. भाडं बाबा ठरवतील.

तुमची,
लेक