मागच्या आंब्याचं ठरवलंय

डोंबिवली,
शनिवार, रात्रीचे साडेदहा

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

गणपतीत पाच दिवस घरी होते आणि जे बोलायचं म्हणून आले होते तेच बोलले नाही. ऋषीपंचमीला आई मागच्या पडवीत भाजी निवडत होती, बाबा बाकावर होते, तेव्हा मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात वारा आला, मागच्या आंब्याने पानांवरचं सगळं पाणी आपल्या अंगावर झटकलं आणि बाबा म्हणाले, "बघ, त्यालाही काहीतरी सांगायचंय." मग कशी बोलणार? मुकाट्याने अळूचे देठ सोलत बसले.

फोनवर सांगून उपयोग नाही. बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आई विषय पावसावर नेते. म्हणून हे पत्र.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी तीन माणसं येतील. मागच्या आंब्याचा शेंडा उतरवणार आहेत. इसार देऊन झालाय. दादाशीही बोलले, तो आधी गप्प बसला आणि मग म्हणाला, अर्धे पैसे माझे.

झाड तोडणार नाहीत. आई, हे वाक्य दोनदा वाच आणि मगच बाबांना पत्र वाचून दाखव. जमिनीपासून बारा-तेरा फुटांवर मोठ्या फांद्या कापायच्या, तिथून नवे फुटवे येतील. विहिरीकडे गेलेली झोपाळ्याची फांदी तशीच ठेवायची, तिला करवत लावायची नाही हे मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलंय. त्या फांदीची पानं झाडाला पोसत राहतील आणि आईच्या रायत्याला लागतात तेवढे आंबे तिच्यावर येतीलच. तसंही वरच्या आंब्यांतला आपल्याला कितवा मिळतो? अर्धे वानरं खातात, उरलेले कौलांवर फुटतात. गेली तीन वर्षं त्या झाडावर चढणारा माणूस गावात उरलेला नाही, आणि चढू नये असा जो एक माणूस आहे तो शिडी शोधत असतो.

बाबा, मला तुमच्यावर रागवायचं नव्हतं. पण मे महिन्यात तुम्ही पडलात ते मला चौथ्या दिवशी कळलं. तीन दिवस आई "बाबा जरा पडलेत" एवढंच सांगत होती. मी समजत होते झोपलेत! आई, शब्दांचा हा खेळ तू कुणाकडून शिकलीस ते मला ठाऊक आहे. मनगटावरच भागलं म्हणून. एका मल्लिका आंब्यासाठी, तोही अजून तयार न झालेला, झेल्याची जाळीची काठी पोचली नाही म्हणून शिडीच्या वरच्या पायरीवर चढायचं? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी?

आणि झाडाचं म्हणाल तर मला त्याची भीतीच बसली आहे. 3 जून 2020 चं ते निसर्ग वादळ. पोफळी आडव्या झाल्याचं दुःख तुम्हाला झालं, मला मात्र न्हाणीघराच्या छपरातून आत आलेली ती फांदीच दिसते. आई पंधरा मिनिटांपूर्वी आंघोळ करून बाहेर आली होती. नऊ दिवस तुमचा फोन लागला नव्हता. त्या नऊ दिवसांबद्दल आपण कधी बोललो नाही, आजही बोलायला नको. पण आता जूनमध्ये हवामान खात्याचा नकाशा बघते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे समुद्र नसतो, आपला मागचा रायवळ असतो, कौलांवर ओणवलेला. शिवाय वर बांडगूळ किती माजलंय ते तुम्हीच दाखवलंत. ते काढायलाही कुणीतरी चढायलाच हवं.

एवढंच असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. पण बाबा, दुसराही भाग आहे, आणि तो तुम्हाला आवडेल असं मला वाटतंय.

येत्या उन्हाळ्यापर्यंत फुटवे येतील. त्यातले जोमदार तेवढे ठेवून बाकीचे काढायचे, आणि श्रावणाच्या सुमारास त्यांवर कलमं बांधायची. रत्ना आणि सिंधू या आंब्यांच्या काड्या तुमच्याच खालच्या झाडांच्या. आणि वादळात गेलेले केसर अन् मानकूर परत आणायचे. केसरची काडी कलमवाले देणार आहेत, मानकूरची आत्या पाठवेल, तिच्या सासरी पेडण्याला परसातच झाड आहे. म्हणजे एका खुंटावर चार जाती, आणि पाचवा तो स्वतः, झोपाळ्याच्या फांदीवर. सगळं शिडीशिवाय, जमिनीवर उभं राहून झेल्याने काढता येईल एवढ्या उंचीवर. त्या जांभ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरून गडग्यापलीकडे जायलाच नको.

तुम्ही लगेच वर्षं मोजाल, मला माहीत आहे. कलम बांधल्यावर दोन-तीन वर्षांत फळ, म्हणजे मी तेव्हा किती वर्षांचा, वगैरे. नीलम लावलीत तेव्हा सत्तर पूर्ण होती तुमची, तेव्हा नव्हतं मोजलंत. आता मोजायचं काम माझं.

गावात तुम्हाला हसायचे ते मला आठवतंय. हापूसची पस्तीस कलमं असताना हा माणूस मागच्या दारी नऊ तऱ्हेची झाडं लावतो, ज्यातलं एकही पेटीला जात नाही. दापोलीला विद्यापीठात कामाला म्हणून जायचात आणि एसटीतून मांडीवर पिशवीतलं कलम घेऊन यायचात. आई विचारायची, "आता हे कोण?" जणू पाहुणाच आणलाय. "हा नीलमचा आणि हापूसचा मुलगा," तुम्ही सांगायचात. रत्ना, 1981 साली वेंगुर्ल्याच्या केंद्रातून आलेली. मग त्या रत्नाचं पुन्हा हापूसशी लग्न लावून झालेली सिंधू, जिचा बाठा, म्हणजे कोय, पापडाएवढा पातळ. आम्हाला नातीगोती आंब्यांचीच आधी कळली. नीलमला दशहरीचा पराग दिला तर मल्लिका, दशहरीला नीलमचा दिला तर आम्रपाली. आईबाप तेच, नुसती अदलाबदल. एक भलीमोठी, एक बुटकी आणि घोसांनी लगडणारी. दादा म्हणायचा तो रत्ना आणि मी कोकण रुची, कारण दोघांचे आईबाप नीलम-हापूसच, पण एक खायला आणि दुसरी लोणच्याला. माझ्या लग्नातसुद्धा त्याने हे माईकवर सांगितलं. अजून मी त्याला माफ केलेलं नाही.

आणि ती परीक्षा! मे महिन्यातली संध्याकाळ, दिवे अजून लावलेले नाहीत, आई विळीवर फोडी करतेय, सालं काढून, म्हणजे रंगावरून ओळखता येऊ नये. पाच बशा, खाली चिठ्ठ्या. मध्ये पाण्याचा घोट. वास, गोडी, आंबटपणा, रेषा, साल आणि बाठा किती ते आईला विचारून. दहापैकी गुण, आणि तुमच्या त्या लाल पाठीच्या वहीत नोंद. हापूसला परीक्षेला बसवायचं नाही, तो परीक्षक, हा तुमचा नियम. मला तो तेव्हाही पटला नव्हता. साका निघालेला हापूस मी कमी खाल्लेला नाही. बाहेरून सोन्यासारखा आणि आत पांढुरका, आंबूस. रत्नात तो कधी निघाला नाही. पण हे हर्णैच्या बाजारात मोठ्याने बोलायची आपली हिंमत नाही.

मी दरवेळी रायवळला दहा द्यायचे. त्याची फोड करताच यायची नाही, रेषाच रेषा, आई त्याचा रस वाटीत पिळून ठेवायची, म्हणजे न बघताही कळायचं. तुम्ही "पक्षपात" म्हणून माझा गुण खोडायचात. पण बाबा, मी तो चवीलाच द्यायचे. देठाशी दाबून चीक काढायचा, घोळवायचा आणि तोंडाला लावायचा. आधी आंबट, मग गोड, मग शेवटी तो एक वास, जो दुसऱ्या कशालाच नाही. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आणि आपल्या मागच्याला साधं रेशनकार्ड नाही." आई, तू हसता हसता रडलीस तेव्हा. आजीची आठवण आली होती तुला, मला कळलं होतं.

आता आई, तुझं. शेंडा उतरला की मागच्या पडवीत ऊन येईल आणि तुझी सगळी दुपार तिथेच जाते. पडवीला हिरवी जाळी बांधून देणार आहेत, त्याचेही पैसे दिलेत. वाळवणाला उलट बरंच होईल, आंबोशी वाळवायला तुला पुढच्या खळ्यात जावं लागणार नाही. फांद्यांची लाकडं फोडून पडवीच्या कडेला रचून देतील, बंबाला दोन पावसाळे पुरतील. माणसांना चहा दे, जेवण नको, ते डबा आणतात. तू दहा भाकऱ्या थापायला बसशील म्हणून आधीच सांगते. न्हाणीघराबाहेर धरायला दांडा बसवायला सांगितलाय, त्याचा आंब्याशी संबंध नाही, पण माणसं येतायत तर.

झोपाळा मात्र दोन दिवस काढून ठेवावा लागेल. कड्या तेलात बुडवून ठेव.

बाबा, आता तुमच्यासाठी, आणि यात सूट नाही. कापणी चालू असताना तुम्ही पुढच्या ओटीवर बसायचं. मागे उभं राहून "जरा इकडून" असं सांगायचं नाही. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची आहे, ती तुम्हीच कालवणार हे मला ठाऊक आहे, म्हणून तेवढं तुमच्याकडे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, प्लॅस्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र. विळ्याचं पातं बुडवून बघा, तांबूस झालं तर चुना कमी पडलाय. हे तुम्हीच मला शिकवलंत, मीच तुम्हाला सांगतेय, हसू नका. हातमोजे घाला. लावायचं काम त्यांचं. नीलमवरचे फळमाशीचे सापळेही पुढच्या वर्षी गड्याकडून बांधून घ्या, शिडी मी जाताना मांगरात कुलपात ठेवलीय. किल्ली शोधू नका, माझ्या पर्समध्ये आहे.

मनगटाचे व्यायाम रोज दोन वेळा. खेडला दाखवायची तारीख कॅलेंडरवर लाल केली आहे, मी आदल्या दिवशी दिवा-सावंतवाडीने येते. आई, तुझी साखरही त्याच दिवशी तपासायची, उपाशीपोटी, "एक घोट चहाने काय होतंय" नाही. आंब्याचे दिवस संपले म्हणून साठं कापून खातेस ते बाबांनी मला सांगितलंय. बाबा, त्याबद्दल आभार, आणि आई, त्यांच्यावर चिडू नकोस.

आता एक राहिलं. तुम्हाला न विचारता मी एक चोरी केली.

आषाढात आले होते तेव्हा पहाटे झोपाळ्याच्या फांदीवरच्या चार काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि इकडे आणल्या. तुम्ही विचारलंत, "पिशवीत काय?" मी म्हटलं, कढीपत्ता. बदलापूरच्या एका रोपवाटिकेत त्यांनी कोवळ्या रोपांवर कोय कलम बांधून दिलं. बाठा लावून रायवळ तसाच येत नाही हे तुम्ही सांगितलंच होतं, आणि एवढं करवतीचं काम करायच्या आधी तो कुठेतरी जसाच्या तसा राखलेला असावा असं मला वाटलं. फुटवे नाहीच आले तर, असा विचार मनात येतो, आणि तो तुमच्यापासून लपवायचा नाही असं ठरवलंय. चारपैकी तीन वाळली. तिसरं वाळलं तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं नाही, इथे कुणाला सांगितलं नाही, हसले असते. चौथं धरलं. काल बाल्कनीत त्याला पानं फुटलीत, तांबूस, लोंबकळणारी, हाताला लागली तरी कळणार नाहीत इतकी मऊ. दिवाळीला येताना ते मांडीवर घेऊन येते. झोपाळ्यावरून दिसेल अशी जागा बघून ठेवा, छपरापासून लांब.

पिशवीवर चिठ्ठी लावायची आहे. वहीत तुम्ही सगळ्यांची नावं लिहिलीत, त्याचं मात्र नुसतं "मागचा". रोपवाटिकेतल्या मुलाने जात विचारली तेव्हा मी अडखळले. नाव कळवा. "आई म्हणेल ते" असं म्हणू नका, दोघांनी बसून ठरवा.

तुमची,
कोकण रुची