माझ्या पहिल्या मार्गदर्शक भाजीवाल्या आक्कांना

प्रिय आक्का,

सप्रेम नमस्कार. तोंडी आभार मानले असते तर "गप गं, मेथी घेऊन जा" म्हणत तुम्ही विषयच संपवला असता. म्हणून लिहून, चारचौघांत मानते आहे.

नगररचना शिकून मी पुण्यात तुमच्या रस्त्यावर आले, ती विद्यमान जमीन वापराचा नकाशा घेऊन. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याआधी तो करावा लागतो. घरांना पिवळा रंग, बागांना हिरवा. तुमच्या जागेवर नुसता रस्ता. तुम्ही मला हातगाडीमागे पालथ्या क्रेटवर बसवलंत आणि त्या रस्त्याचा दिवस सांगितलात: पहाटे दूधवाले, मग पोह्यांची गाडी, दुपारी रिक्षा, चारनंतर तुम्ही भाजीवाल्या, रात्री भुर्जी. "एका जागेवर पाच चुली पेटतात बघ." तेव्हापासून माझ्या प्रत्येक सर्वेक्षणात 'वेळ' हा रकाना असतो. माझं पुढचं सगळं संशोधन त्या रकान्यातून निघालं.

त्याहून मोठं देणं म्हणजे तुमची वही. मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर मांडलेला हिशेब: गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला माल, हमाली, टेम्पो, सडलेली कोथिंबीर आणि व्याज. पहाटे नऊशे हातात, संध्याकाळी हजार परत. परक्या पोरीला घरातल्या माणसालाही कोणी दाखवत नाही ते तुम्ही दाखवलंत. वस्तीचं अर्थकारण मी त्या पानांवर शिकले. गिऱ्हाईक भरपूर असूनही बाईच्या हाती काही उरत नाही, कारण दिवसाचं भांडवलच महाग असतं. 2020 मध्ये स्वनिधी योजनेतून फेरीवाल्यांना 10,000 रुपयांचं पहिलं कर्ज मिळू लागलं, तेव्हा मला आधी तुमची वही आठवली.

2014 चा पथविक्रेता कायदा मी तुम्हाला वाचून दाखवला होता. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले, त्यांत एक तृतीयांश बायका. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "बैठक कितीला?" चारला ठेवली तर धंदा सोडून बाई येणार कशी, हा तुमचा सवाल. इतका नेमका प्रश्न मला कुठल्याही परिसंवादात ऐकायला मिळाला नाही. तो मी अहवालांत लिहिते, अधिकाऱ्यांना विचारते, आणि कोणाचा आहे तेही सांगते.

तुमच्या गुडघ्यांमुळे आता मुलगी गाडी लावते असं कळलं. विक्री प्रमाणपत्राचे कागद तुमच्या नावावर आहेत, ते जपून ठेवा. तिच्या नावाचं काय करायचं ते बसून बघू. येत्या रविवारी सकाळी येते, चारच्या आत.

तुमची,
नकाशावाली पोरगी