पाणी बदलण्याआधी एक बाटली भरून ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात कुत्र्यामांजरांबद्दल नेहमी काही ना काही येतं, पण खाऱ्या पाण्याच्या फिश टँकबद्दल मी तरी कधी वाचलं नाही, म्हणून लिहायला बसलो. पत्र जरा लांबेल, हवं तिथे कात्री लावा.

एका सकाळी उठून बघतो तर दोन मोठे टँग मासे तळाला मरून आडवे, तोंड उघडं, कल्ले फाकलेले, आणि क्लाउनफिशची जोडी वर पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून धापा टाकतेय. क्लिनर श्रिंप (छोटी कोळंबी) मात्र मजेत दगडावर फिरत होता. आदल्या रात्री सगळ्यांनी नेहमीसारखं खाल्लं होतं. मी काय केलं, तर घाबरून जे सगळेच करतात तेच, आधी अर्धं पाणी बदललं, मग टेस्ट किट काढलं, आणि मग दुकानदाराला फोन करून भांडलो की आजारी मासे माझ्या गळ्यात मारलेस म्हणून. टेस्ट सगळ्या ओके आल्या, पण त्या ओकेला काय अर्थ, अर्धा पुरावा तर मीच गटारात ओतला होता!

नऊ दिवसांनी परत तेच, यावेळी उरलेला सगळ्यात मोठा मासा गेला. पण यावेळी शहाणपणा एवढाच केला की काहीही हात लावायच्या आधी एक स्वच्छ बाटली काठोकाठ भरून झाकण लावून ठेवली. अर्धं मिनिट लागतं याला, बाकीचे मासे तेवढ्यात मरत नाहीत. त्या पाण्यात अमोनिया शून्य, खारटपणा समुद्रासारखाच, हजारी ३५, तांबं शून्य. म्हणजे विष नाही, निदान किटला दिसणारं तरी नाही. मग म्हटलं किट बाजूला ठेवू आणि कोण मेलं, कोण वाचलं, किती वाजता, हे बघू.

श्रिंप आणि गोगलगायी ठणठणीत होत्या, इथेच बरंच काही कळलं. तांबं पाण्यात उतरलं असतं किंवा कुणी खोलीत कीटकनाशकाचा स्प्रे मारला असता आणि एअर पंपाने तो आत ओढला असता तर आधी श्रिंप गेले असते, मासे नंतर. व्हेल्वेटसारखा परजीवी म्हणावा तर तो मासे मारतो हे खरं, पण बहुतेक वेळा आधी दोनतीन दिवस मासे भरभर श्वास घेतात, खाणं सोडतात, पंपाच्या धारेत तोंड घालून उभे राहतात, इथे तसं काहीच नव्हतं. दोन्ही वेळा रात्रीच, दोन्ही वेळा मोठेच मासे. हे ऑक्सिजनचं प्रकरण आहे हे तेव्हा कुठे डोक्यात आलं.

खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. २५ डिग्रीला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात ६.७ च्या आसपास, आणि पाणी तापलं की अजून कमी. रात्री लाईट बंद झाले की शेवाळ ऑक्सिजन बनवायचं थांबतं आणि उलट स्वतःच वापरायला लागतं. ऑक्सिजनचं किट माझ्याकडे नव्हतं, पण पीएचचं होतं, आणि त्यावरून अंदाज येतो, कारण हवेशी देवाणघेवाण नीट होत नसेल तर रात्रभर कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच पडतो. थोडा पडणं चालतं, सगळ्यांचाच पडतो. माझा संध्याकाळी ८.२ आणि पहाटे लाईट लागायच्या आधी ७.७!

कारण काय निघालं, तर काच घासताना पंपाचं नोझल माझ्याच हाताने खाली वाकलं होतं. पाणी फिरत होतं, सगळं चालू दिसत होतं, पण वरचा पृष्ठभाग हलत नव्हता आणि त्यावर तेलकट तवंग आला होता, वर काचेचं झाकण. मधले नऊ दिवस मासे का टिकले, तर पाणी बदलताना तवंगही निघून गेला असणार आणि परत जमायला तेवढे दिवस लागले. नोझल वर केलं, झाकण थोडं सरकवलं, आठवडाभरात पहाटेचा पीएच ८ वर, आणि त्यानंतर एकही मासा गेला नाही. दुकानदाराची माफी मागितली.

प्रत्येकाचं कारण हेच असेल असं नाही. कुणी वाळू उपसली आणि खालून काळी, सडक्या अंड्याच्या वासाची वाळू वर आली तर तो हायड्रोजन सल्फाइड, विषारी वायू. वीज बराच वेळ गेली असेल तर बंद कॅनिस्टर फिल्टरमधलं (टँकबाहेरच्या डबाबंद फिल्टरमधलं) पाणी आत कुजतं आणि वीज आली की तेच टँकमध्ये येतं, म्हणून आधी तो रिकामा करावा. अमोनिया मात्र खाऱ्या टँकमध्ये हलक्यात घेऊ नका, पीएच ७ ला जेवढा विषारी त्याच्या दहापटीहून जास्त ८.२ ला. नायट्राइटला लोक उगाच घाबरतात, समुद्राच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे तो माशांना तितका बाधत नाही.

आणि मेलेला मासा लगेच फेकू नका. पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, गोठवलं की पेशी फुटतात आणि तपासणाऱ्याला फार काही दिसत नाही. तोही ताजाच हवा, रात्रभर कोमट पाण्यात पडलेल्या माशाचा फारसा उपयोग नाही.

आता एक विनंती. तुमच्या पाळीव प्राण्यांच्या सदरात एकदा माशांची चिरफाड करणाऱ्या एखाद्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, कल्ल्याचा तुकडा मायक्रोस्कोपखाली कसा बघायचा ते, फोटोसकट. मी प्रयत्न केला, पण व्हेल्वेट कुठला आणि साधा चिकटा कुठला हे मला अजून ओळखता येत नाही.

आपला,
एक वाचक