पाटल्यांबद्दल

बडोदे, रविवार

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

त्या रात्री फोनवर मी नुसतं "बघू" म्हणाले. तुझा आवाज ऐकला की मला नाही म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र. नोकरी सोडायची, फिल्म कंपनी काढायची, त्यासाठी माझ्या पाटल्या गहाण ठेवायच्या. आणि दाखला कुणाचा, तर दादासाहेब फाळक्यांचा! "त्यांनीही बायकोचे दागिने मोडलेच होते ना आई?"

अरे, फाळके मला नको सांगूस. तू जिथे इंजिनिअर झालास त्याच कलाभवनात, दांडिया बाजारातून रोज आपण ज्याच्यावरून जातो तिथे, १८९० च्या सुमारास ते शिकत होते. चित्रकला, मूर्तिकाम, फोटोग्राफी, जे दिसेल ते. पुढे गोध्र्याला फोटोचा धंदा केला, तो बसला. प्लेगात पहिली बायको आणि मूल गेलं. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छापखाना, मग भागीदारांशी बिनसलं. चाळिशी उलटल्यावर सिनेमा. तू सव्विसाचा आहेस.

विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. आल्या आल्या 'हरिश्चंद्र' नाही केला. कुंडीत वाटाणा पेरला! रोज एक फ्रेम, महिनाभर. वेल सरसर वाढताना पडद्यावर दिसली, ती बघून पैसेवाल्याने पैसे सोडले. दागिने त्यानंतर. तुझा वाटाणा कुठे आहे?

आणि दागिन्यांचंच काढलंस म्हणून सांगते. त्यांच्या दुसऱ्या बायकोने, सरस्वतीबाईंनी, नुसते दागिने काढून दिले नाहीत. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, दिवसभर उन्हात उजेडासाठी पांढरी चादर धरून उभं राहणं, रात्री अंधारात फिल्मच्या कडांना भोकं पाडणं, ती धुणं. लोक 'हरिश्चंद्र' लागला ती ३ मे १९१३ ची तारीख लक्षात ठेवतात. मला ती चादर धरलेले हात आठवतात. (बाबा म्हणतात, तुला सगळीकडे स्वयंपाकघरच दिसतं. दिसतं खरं.)

आणखी एक. १९१८ ला पाच भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, आणि पैसा आल्यावरच भांडणं लागली. दादासाहेब सगळं सोडून काशीला गेले. परत आले, पण ते पूर्वीचं काही जमलं नाही. तुझे ते दोन मित्र चांगले असतील. तरी कोण किती घालणार, कोणाचं किती, हे कागदावर आहे का?

तेव्हा असं कर. नोकरी सोडू नकोस अजून. तुझ्या फोनवरच पाच मिनिटांचं काहीतरी करून दिवाळीला घेऊन ये. सुरसागरावर कर, मांडवीत कर, काहीही. बाबांना, मावशीला बसवून दाखवू.

पाटल्या लॉकरमध्ये आहेत, किल्ली माझ्याकडे. बाबांना अजून काही बोलले नाही.

तुझी,
आई